लेबल आणि आतला माल

विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजारात शिरलं, की 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद आठवतोच. यूएसए म्हणजे म्हणे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी हे शहर उभं केलं. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. इथल्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: लेबलवर जाऊ नये, माल उलटून बघावा.

पण जो माल शरीराच्या आत शिवला जाणार आहे, तो उलटून कसा बघायचा? स्तन मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या मुलीपुढचा हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड: आपल्याला काहीतरी कमी आहे, हे ठरवलं कुणी?

शरीर दुरुस्त करण्याची विद्या आपल्याकडे जुनी. १७९२च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. १७९४ साली ही हकिकत लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिथले सर्जनही ही पद्धत शिकले. नाक कापलं जाणं म्हणजे काय, ते आपल्या भाषेत वेगळं सांगावं लागत नाही. कावसजीचं काय गेलं होतं, हे त्याला आणि साऱ्या गावाला दिसत होतं.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसी नावाची सहा मुलांची आई दवाखान्यात गेली, ती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टर क्रोनिन आणि जेरो नव्या सिलिकॉन इम्प्लांटसाठी बाई शोधत होते. लिंडसीला स्तनांबद्दल तक्रार नव्हती. तिला कान नीट करून हवे होते. डॉक्टरांनी कानही करून दिले आणि ती सिलिकॉन इम्प्लांट बसवलेली जगातली पहिली स्त्री ठरली.

वीस वर्षांनी, १९८२ साली, अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनं तिथल्या औषध प्रशासनाला लेखी कळवलं, की लहान स्तन हे व्यंग आहे, एक प्रकारचा आजारच. शरीर तेच राहिलं आणि त्याला रोगाचं नाव मिळालं.

आता आतल्या मालाची गोष्ट. १९९२ साली अमेरिकेनं सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले; कर्करोगात स्तन गमावलेल्यांसाठी वाट खुली ठेवली. बंदी उठली ती २००६ साली. २०१०मध्ये फ्रान्सच्या 'पिप' कंपनीचं बिंग फुटलं. वैद्यकीय सिलिकॉनऐवजी ती कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरत होती. लेबल युरोपातल्या मान्यतेचं, माल भलताच. मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली, पण तोवर ते इम्प्लांट जगभरातल्या लाखो बायकांच्या शरीरात होते. २०१९ साली ॲलर्गन या बड्या कंपनीनंही आपले खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले. एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाशी, त्यांचा संबंध दिसला होता.

म्हणून ही शस्त्रक्रिया वाईट, असं नाही. ती करून घेऊन समाधानानं जगणाऱ्या स्त्रिया भरपूर आहेत, आणि अशी इच्छा असणं म्हणजे उथळपणाही नव्हे. २०१८ साली चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयानं ती मोफत सुरू केली, तेव्हा मुद्दा हाच होता: ही इच्छा फक्त पैसेवाल्यांनाच का असावी?

मात्र निवड करायची तर हिशोब पूर्ण मांडावा. इम्प्लांट जन्मभराचा नसतो. जितकी वर्षं जातील, तितकी तो काढण्याची किंवा बदलण्याची शक्यता वाढते. भोवतीचं आवरण कडक होऊन दुखू शकतं. इम्प्लांट फुटला तरी बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी लागते. अंगावर पाजताना अडचण येऊ शकते. म्हणजे जाहिरातीतला हप्ता हा पहिल्या ऑपरेशनचा. पुढचा खर्च त्यात धरलेला नसतो.

२०२१पासून अमेरिकेत हे धोके बाईला लेखी समजावून, तिची सही घेतल्याशिवाय डॉक्टरला इम्प्लांट मिळत नाही. तुमच्या डॉक्टरकडूनही तेच मागा: कंपनीचं नाव, मॉडेल, क्रमांक, आणि तो काढावा लागला तर काय. उत्तर द्यायला डॉक्टर कंटाळला, तर दुसरं दुकान बघावं. आणि आपल्याला कमी आहे असं पहिल्यांदा कुणी सांगितलं, हे मात्र स्वतःलाच विचारावं. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी.