उतारवयाची साधना आणि लक्ष्मीबाई टिळक

नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावला जाणारा लोहमार्ग आपल्या भंडारा जिल्ह्यातून जातो. भंडारा रोड, तुमसर रोड ही स्थानके मागे टाकीत आणि वैनगंगा ओलांडीत गाड्या पुढे जातात. १८९३ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक (तेव्हा ते रेव्हरंड नव्हते, ख्रिस्तीही नव्हते) नोकरीनिमित्त राजनांदगावला निघाले होते. त्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी धर्मविषयक संभाषण केले आणि नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही कथा आपल्याकडे अनेकदा सांगितली जाते. मात्र त्या प्रवासात पडलेल्या बीजाला त्यांच्या पत्नीच्या उतारवयात जे पीक आले, त्याकडे आपले लक्ष तितकेसे जात नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे, सोवळ्याओवळ्याचे अतिकडक वळण असलेल्या घरात झाला. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. बालवयात लग्न झाले. पती विद्वान, प्रतिभावान, उदार, पण तापट आणि लहरी. त्यांनी धर्मांतर केले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. नंतर त्या पतीकडे परतल्या, पण त्यांचा धर्म त्यांनी लगेच स्वीकारला नाही. आधी जातिभेदाचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला, मग श्रद्धेचा. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पतीच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या निश्चयाने.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्या काळी विधवा स्त्रीने या वयात काय करावे, याविषयी समाजाचे उत्तर ठरलेले होते: कोपऱ्यात बसावे आणि दिवस मोजावेत. लक्ष्मीबाईंनी निराळे उत्तर दिले. टिळकांनी प्रभू येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहावयास घेतले होते, परंतु साडेदहा अध्यायांनंतर ते अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याचे काम या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या बाईंनी अंगावर घेतले आणि एक-दोन नव्हे, तर पुढील चौसष्ट अध्याय रचले. हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

१९३३ साली नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग ग्रंथरूपाने आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. चौथा भाग त्यानंतर वाचकांच्या हाती पडला. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत ज्याची गणना होते, तो ग्रंथ असा आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत आकाराला आला.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट मनात ठसते. तक्रार करण्यासारखे या बाईच्या आयुष्यात पुष्कळ होते: दारिद्र्य, अपत्यवियोग, पतीचा कोप, आप्तांचे टोमणे, वर्षानुवर्षांची ताटातूट. यांतले काहीही त्या लपवीत नाहीत. परंतु सांगताना कडवटपणाचा लवलेश नाही. उलट त्या स्वतःलाच हसतात, पतीच्या दोषांतही त्याचे निर्मळ मन दाखवितात. तिशीत त्यांनी हेच लिहिले असते, तर कदाचित कैफियत झाली असती. साठीनंतर ते कृतज्ञतेचे स्तोत्र झाले. आठवण तीच, पण वाहते पाणी संथ झाले की गाळ तळाशी बसावा, तसे मनातले किल्मिष खाली बसून गेले. म्हातारपणातील आध्यात्मिक वाढ म्हणतात ती हीच, असे मला वाटते. आपण रात्री निजण्यापूर्वी दिवसाची सदसद्विवेकतपासणी करतो आणि देवाचे आभार मानतो. लक्ष्मीबाईंनी ती अवघ्या आयुष्याची केली.

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते, हे खरे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याचा आदेश दिल्यानंतर त्यांचा वारसा आपला मानण्यास आपल्याला संकोच वाटू नये. शिवाय आपल्या परंपरेतही अशीच एक साक्ष आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास उतरले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. परभाषेत जवळजवळ अकरा हजार ओव्या! सदतीस वर्षे लोकांमध्ये राहून त्यांच्या मुखातून जी मराठी त्यांनी घेतली, ती आयुष्याच्या संध्याकाळी त्यांनी शुभवर्तमानासह लोकांना परत केली. त्यानंतर तीन वर्षांनी ते प्रभूकडे गेले.

संत लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला मंदिरात ओळखणारे दोघे आहेत: शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना. याजकांची गर्दी तेथे असेल, पण ओळख पटली ती थांबण्याची सवय झालेल्या डोळ्यांना. शिमोनाचे गीत ख्रिस्तसभा आजही रोज रात्रीच्या प्रार्थनेत म्हणते. पोप संत योहान पॉल दुसरे यांनी १९९९ साली, स्वतः एकोणऐंशी वर्षांचे असताना, जगातील वृद्धांना पत्र लिहिले. २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा आणि वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक आजीने महाकाव्य लिहावे, असा याचा अर्थ नाही. कित्येकांना अंथरुणावरून उठवत नाही, कित्येकांची स्मृतीच हरवत जाते. देवाच्या दरबारात पानांची मोजदाद होत नाही. ज्याने मनातले एखादे जुने वैर सोडले, ज्याने जपमाळेच्या मण्यांवर नातवंडांची नावे घेतली, त्याचेही चौसष्ट अध्याय लिहून झाले.

परंतु आपल्या धर्मग्रामांतील चित्र काय आहे? मुलेमुली नागपूर-पुण्याकडे नोकरीला जातात. मागे धानाची बांधी आणि दोन म्हातारी माणसे उरतात. त्यांना औषधाचे पैसे पोहोचतात, पण त्यांचे बोलणे ऐकणारा कोणी नसतो. पहिला बाप्तिस्मा घराण्यात कोणी घेतला, त्यासाठी काय सोसले, पहिली मिस्सा कोणाच्या अंगणात झाली, हा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही. तो त्यांच्या ओठांवर आहे. लक्ष्मीबाईंच्या आठवणी ऐकणारे आणि लिहून ठेवण्यास आग्रह करणारे कोणी होते, म्हणून मराठीला ‘स्मृतिचित्रे’ लाभली. पुढच्या सुटीत घरी याल, तेव्हा एक वही घेऊन या, आजीजवळ बसा आणि तिला बोलते करा. तिचे म्हातारपण त्याने सार्थ होईल, आणि आपली श्रद्धा कोणत्या हातांतून आपल्यापर्यंत आली, हे आपल्यालाही कळेल.