मिठाच्या काठावर जलपर्णी

घणसोली हे ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचे, आज नवी मुंबईत आलेले गाव. पाठीशी पारसिकची डोंगररांग आणि गवळीदेवाचा डोंगर, पुढ्यात खाजण आणि खाडी. डोंगर आणि खाडी यांच्यामधली जमिनीची पट्टी अरुंद आहे, आणि गावच्या शेतीचा सारा इतिहास या पट्टीत गोडे पाणी किती काळ राखता येते यावर ठरला. डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी गोडे, भरतीबरोबर चढणारे खारे. जलपर्णी ही निव्वळ गोड्या पाण्याची वनस्पती. त्यामुळे अशा गावाच्या काठावर उभे राहून तिच्याविषयीचा एक रूढ समज तपासता येतो. परदेशातून आलेल्या या झाडाने आपले तलाव आणि नद्या गिळल्या, ते उपटले की पाणी पहिल्यासारखे होईल, असा तो समज. मला तो पटत नाही. वाहण्याचा, आटण्याचा आणि उपसला जाण्याचा पाण्याचा जुना क्रम आधी मोडतो आणि त्यानंतर जलपर्णी तिथे ठाण मांडते, असे या पट्टीचा इतिहास पाहता दिसते.

आधी झाडाची ओळख नीट करून घ्यायला हवी. जलपर्णीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतले, ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. मार्टियस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1823 मध्ये तिचे पाँटेडेरिया क्रॅसिपेस असे वर्णन केले. पुढे 1883 मध्ये तिची रवानगी आयकॉर्निया या प्रजातीत झाली, आणि अलीकडच्या अभ्यासानंतर ती पुन्हा मूळ नावाकडे वळली आहे. तिचा फुगीर देठ आडवा कापला तर आत मांसल गर सापडत नाही. हवेने भरलेल्या बारीक कप्प्यांची जाळी दिसते, आणि तिच्या आधारावर झाड तरंगते. पाण्याखाली काळपट जांभळ्या मुळांचा पिसासारखा झुपका लोंबतो. या मुळांना मातीची गरज नसते, पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद ती थेट शोषतात. फिकट जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर निळ्या डागात पिवळा ठिपका असतो. या रूपापायीच ती शोभेचे झाड म्हणून जगभर नेली गेली. फूल कोमेजल्यावर दांडा पाण्याकडे वाकतो आणि बी गाळात जाऊन पडते. ते पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. पण तिचा खरा पसारा बियांवर चालत नाही. आडव्या धुमाऱ्यांच्या टोकाला नवी रोपे फुटतात, आणि खत भरपूर व ऊन कडक असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत ताटवा दुप्पट होतो.

एवढ्या चिवट झाडाला एक गोष्ट मात्र सोसत नाही, ती म्हणजे मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. जलपर्णी 6 ते 8 ग्रॅमलाच मान टाकते. उल्हास नदीतले ताटवे पावसाळी पुरात खाडीकडे लोटले जातात, पण खाऱ्या पाण्यात ते टिकत नाहीत. नवी मुंबईत याचा दुसरा पुरावाही आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी जे धारण तलाव बांधले, त्यांतल्या कित्येकांत गाळ साचला आणि त्या गाळावर कांदळवन वाढले. भरतीचे पाणी पोचते तिथे खारफुटी; ते पोचत नाही आणि गोडे पाणी अडून कुजते तिथे जलपर्णी. वनस्पतींच्या या सीमारेषेवरून पाणी कुठून येते हे वाचता येते.

ही सीमारेषा माणसाने हलवल्याचा इतिहास जुना आहे. ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावर आगरी शेतकऱ्यांनी खाजणात बांध घालून भातशेती उभी केली. या खारबंदिस्तीचे मर्म उघाडीत होते. बांधात बसवलेली तिची झडप ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते. पावसाचे पाणी खाचरात साठवायचे, जमिनीतले मीठ त्यात उतरले की ते उघाडीवाटे सोडून द्यायचे, आणि मग क्षार सोसणाऱ्या राता जातीच्या भाताची लागवड करायची. बांधाला खांड पडली तर चालू पीक जाईच, पुढचे हंगामही बुडत. म्हणून खांड बुजवायला सारा गाव धावे. 1948 मध्ये मुंबई प्रांताने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, तोही या बांधांचे महत्त्व ओळखून. इथे गोडे पाणी राखले जात होते, तरी ते कायमचे कोंडले जात नव्हते. पावसाळाभर ते येत-जात राही, कापणी झाली की खाचरे सुकत आणि वैशाखात जमीन भेगाळत असे. वर्षातले काही महिने पाणीच नसेल, तर तरंगणाऱ्या झाडाने जगायचे कशावर?

गावतळ्यांची गोष्ट जरा वेगळी, कारण त्यांत पाणी टिकावे हाच हेतू. पण त्या पाण्याला रोजचे धनी होते. गुरे धुणे, कपडे धुणे, मासे धरणे आणि उन्हाळ्यात तळातला गाळ काढून शेतात नेणे ही कोकणपट्टीतल्या तळ्यांची नेहमीची कामे. गाळ उपसला की साचलेले खतही शेतात जाई, आणि पाण्यातले तण वेगळी मोहीम न काढता निघे. सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले होते. जमीन गेली तेव्हा गाळाला शेत उरले नाही. नळ आला तेव्हा तळ्याला पाणवठ्याचा मान उरला नाही. आणि दाटी वाढली तेव्हा सांडपाणी उताराच्या वाटेने जाऊ लागले. घणसोलीच्या गुणाले तलावावर आजही गणेश विसर्जन होते. अशी गावतळी शहरात उरली आहेत, पण वर्षभर त्यांच्याशी कामाचे नाते असलेले लोक फार थोडे राहिले आहेत.

यावर एक सबळ आक्षेप आहे. पाण्याचे रोजचे धनी असले की जलपर्णी येत नाही, तर मग बंगालचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तिथे पोचली, आणि शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी गजबजलेल्या त्या मुलखात पुढच्या तीन दशकांत पाणथळी, कालवे, भातखाचरे तिने झाकून टाकली. 1921 मध्ये जगदीशचंद्र बसू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, 1936 मध्ये जलपर्णीविरुद्ध खास कायदा झाला आणि 1937 च्या निवडणुकीत ती प्रचाराचा विषय ठरली. आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे माझे म्हणणे मला अधिक नेमके करावे लागते: नुसते धनी पुरत नाहीत, पाणीही मोकळे लागते. बंगालचे सार्वजनिक आरोग्य संचालक चार्ल्स बेंटली यांनी 1925 मध्ये मलेरियाच्या संदर्भात दाखवून दिले होते, की रेल्वे आणि रस्त्यांच्या बांधांनी पुराच्या पाण्याच्या वाटा अडवल्या. त्यामुळे साचलेले पाणी जलपर्णीला आयते मिळाले. केरळातल्या कुट्टनाडचा दाखला घणसोलीला अधिक जवळचा आहे. वेंबनाड सरोवरात चढणारे खारे पाणी रोखण्यासाठी तण्णीरमुक्कमचा बांध 1976 मध्ये कार्यान्वित झाला. भाताला फायदा झाला, पण मिठाचा वार्षिक फेरा तुटला, शेतातली रासायनिक खते पाण्यात उतरत राहिली आणि जलपर्णीसह पाणतणे माजली. खारे पाणी अडवणे हे तिथेही होते आणि खाजणातही. फरक पाणी किती काळ कोंडले आणि त्यात काय मिसळले, याचा.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. जलपर्णीपासून कंपोस्ट, बायोगॅस, कागद, टोपल्या होतात. मग तिला संकट का मानायचे? हे सगळे खरोखर होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे पोटॅश बंद झाले, तेव्हा बंगालमध्ये तिच्या राखेतल्या पोटॅशवर मोठ्या आशा बांधल्या गेल्या होत्या. अडचण तिच्या घडणीतच आहे: ओल्या वजनाचा सुमारे 95 टक्के भाग पाणी. शंभर किलो ओढून काढावी तेव्हा पाच-सहा किलो कोरडा माल हाती येतो, आणि वाहतुकीचा खर्च मात्र शंभर किलोंचा. उपयोग टिकला तो जिथे ती उचलून न्यावीच लागत नाही अशा ठिकाणी. बांगलादेशातल्या बारिसाल, गोपालगंज भागांत शेतकरी जलपर्णीचे थर रचून पाण्यावर तरंगते वाफे करतात आणि त्यावर भाज्या व रोपे वाढवतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2015 मध्ये या पद्धतीला जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. ही मला जलपर्णीच्या उपयोगाची सर्वोत्तम रीत वाटते, पण तिला पाण्यावर रोज राबणारा शेतकरी लागतो, आणि आपल्या शहरी तलावांपासून तोच दुरावला आहे.

ती पाणी स्वच्छ करते, म्हणून राहू द्यावी, असेही म्हटले जाते. नासाने 1970 च्या दशकात मिसिसिपीत सांडपाण्यावर तिचे यशस्वी प्रयोग केले, पण वाढलेली जलपर्णी नियमित काढून नेणे हा त्या पद्धतीचा भाग होता. काढली नाही तर तीच कुजते, शोषलेले सारे पाण्यात परत सोडते आणि विरघळलेला प्राणवायू संपवते. दाट ताटव्याखाली मासे गुदमरतात आणि काठाच्या स्थिर पाण्यात डास वाढतात. शिवाय तिची मुळे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही साठवतात. ठाणे-बेलापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात काढलेल्या जलपर्णीचे खत तपासल्याशिवाय भाजीपाल्याला घालणे हा माझ्या मते शुद्ध अविचार आहे.

कीटकांचा मार्ग याहून आशेचा. भारतात 1980 च्या दशकाच्या आरंभी निओकेटिना या सोंडकिड्याच्या दोन जाती आणून तपासल्या आणि सोडल्या गेल्या. बेंगळुरूचे काही तलाव आणि मणिपूरचे लोकटाक सरोवर इथे त्यांनी चांगले काम केले. पण सांडपाणी भरपूर मिळते तिथे किडे खातात त्याहून वेगाने झाड वाढते, आणि आपले बहुतेक शहरी पाणी याच प्रकारातले आहे. पवई तलाव, कल्याणजवळची उल्हास, पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना: यंत्रे लागतात, पाणी काही आठवडे उघडे दिसते, ताटवे पुन्हा जमतात. काढणी थांबवावी असे यातून निघत नाही. पण काढणीवरचा पैसा आणि तलावात येणारे नाले वळवण्यावरचा पैसा यांचे प्रमाण आज उलटे आहे, आणि ते बदलण्याची सोय नवी मुंबईत इतर शहरांपेक्षा अधिक आहे. 1992 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या महापालिकेने मैलाशुद्धीकरण केंद्रे उभी केली, त्यांतले एक घणसोलीतच आहे. विसर्जनाची माती साऱ्या पाण्यात पसरू नये म्हणून शहरातल्या 14 तलावांत गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या, भिंतीही घातल्या गेल्या. उरले आहे ते जुन्या गावठाणांतल्या उघड्या गटारांचे शेवटचे काही मीटर, जिथून सांडपाणी शुद्धीकरणाच्या वाहिनीत न जाता तळ्याकडे उतरते. ते जोडण्याचे आणि उन्हाळ्यात गाळ काढण्याचे काम प्रत्येक तळ्यागणिक वेगळे आखावे लागेल, आणि पाण्याचा उतार कुठून कुठे आहे हे सांगायला गावातली जुनी माणसे अजून आहेत.