टेटचे विश्वस्त कोण नेमते?
ब्रिटनमधील ‘टेट’ ही संस्था लंडनच्या टेट मॉडर्नसह चार कलासंग्रहालये चालवते. १९९२ च्या कायद्यानुसार तिचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आहे. मंडळात १२ ते १४ विश्वस्त असतात. त्यांपैकी एक नॅशनल गॅलरीचे मंडळ आपल्या सदस्यांमधून पाठवते. बाकीचे पंतप्रधान नेमतात. जागा रिकामी झाली की जाहिरात निघते, अर्ज मागवून मुलाखती होतात. हे काम बिनपगारी असते. किमान ३ विश्वस्त प्रत्यक्ष कलानिर्मिती करणारे कलावंत असावे लागतात, कारण संग्रहाची जबाबदारी मंडळावरच असते. नेमणूक सरकार करते, पण कोणती कलाकृती घ्यायची हे सरकार सांगत नाही. म्हणूनच मंडळावर कोण येते, याला महत्त्व असते.