ऑक्टोबरची वारी : गणितात राहिलेल्यांचा इतिहास

१/ दहावीला गणित राहिले की विद्यार्थी ‘ऑक्टोबरच्या वारी’ला निघाला, असे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे विनोदाने म्हटले गेले. या विनोदामागचा इतिहास भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातून पाहिला की अधिक स्पष्ट दिसतो.

२/ कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिफारस केली, की शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांनाच अनिवार्य असावे. याच सुमारास, १ जानेवारी १९६६ रोजी, राज्याचे परीक्षा मंडळ अस्तित्वात आले. भंडारा नागपूर विभागात मोडतो.

३/ १०+२+३ या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. पुढे काय व्हायचे आहे हे ठरण्यापूर्वीच गणिताचा उंबरठा ओलांडणे आले.

४/ सीमारेषा शंभरांत ३५ गुणांची. उत्तीर्ण विषयांत सूट मिळे आणि राहिलेला विषय ऑक्टोबरात पुन्हा देता येई. योजना उदार होती; परंतु तोवर अकरावीचे प्रवेश आटोपलेले असत. एका विषयापायी अख्खे वर्ष जाई.

५/ आता शेताचे पंचांग पाहा. भंडाऱ्यात जुलैत धानाची रोवणी. ऑक्टोबरपासून हलक्या धानाची कापणी. शाळा सुटून घरी बसलेले पोर ऐन कापणीत हाताशी असे. परीक्षा दुसऱ्यांदा मिळे. शिकवणारा दुसऱ्यांदा मिळेलच, याची शाश्वती नसे.

६/ २०१५ साली दहावीची फेरपरीक्षा जुलैत आली. वर्ष वाचले, हा मोठाच लाभ. मात्र ऑक्टोबरची कापणी टळली, तरी जुलैची रोवणी आडवी आली. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेश देणाऱ्या ‘एटीकेटी’ने आणखी एक गोष्ट साधली : विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावर राहिले.

७/ हा प्रश्न केवळ आपला नव्हे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत कच्च्या विद्यार्थ्यांना आधी पूर्वतयारीच्या गणिताची लांबलचक साखळी पार करावी लागे. अनेक जण मध्येच गळत. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून दिशा बदलली : शक्यतो थेट महाविद्यालयीन गणितात प्रवेश, आणि गरज असेल तेथे सोबत आधार.

८/ ‘एटीकेटी’ विद्यार्थ्याला अडवत नाही. पण राहिलेले गणित त्याला शिकवतही नाही. चिकाटी हा केवळ स्वभावाचा गुण मानला, तर दोष मुलाच्या माथी जातो. या इतिहासात मात्र दिसते, की परीक्षेचा महिना, प्रवेशाची तारीख आणि शिकवणीचा तास यांवरही ती अवलंबून असते.