वाटेवरची सोबत



भुताखेतांच्या गोष्टींनीं अंगावर कांटा उभा राहतो खरा. पण दिवा मोठा केला आणि घरांतल्या माणसांचे आवाज कानीं पडूं लागले कीं ती भीति ओसरते. भयकथेची दुसरी एक जात मात्र अशी आहे कीं, तिच्यांतील भीति दिव्यानें जात नाहीं. तिच्यांत भूत नसतें, पडका वाडा नसतो. अडचणींत सांपडलेला एक माणूस मदतीची याचना करतो, दुसरा ती देतो, आणि त्या उपकारांतूनच घात उपजतो. अशा गोष्टी सर्वच देशांत आहेत. पण आपल्या देशांत त्यांचें माहेर म्हणजे ठगांचा इतिहास. त्या इतिहासांतील एका गोष्टीपासून आज आरंभ करतों.

ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्धीस आलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यानें इ. स. १८४४ मध्यें आपल्या आठवणींचा ग्रंथ छापला. त्यांत एका मोगल सरदाराची हकीकत आहे. हा रुबाबदार, शस्त्रधारी गृहस्थ पंजाबांतून अयोध्या प्रांताकडे निघाला होता. बरोबर एक मोतद्दार आणि एक खानसामा, एवढीच काय ती सोबत. गढमुक्तेश्वराच्या घाटावर गंगा ओलांडल्यानंतर नीटनेटक्या पोशाखाचे कांहीं वाटसरू त्याला भेटले व अदबीनें बोलूं लागले. सरदारानें ठगांविषयीं ऐकलें होतें. त्यानें त्यांना सरळ वाटेला लावलें. दुसऱ्या दिवशीं मुसलमानांचा एक जमाव भेटला. रस्ता धोक्याचा आहे, सर्वांनीं मिळून जावें हें बरें, असें त्यांचें म्हणणें. सरदारानें तलवारीवर हात ठेवला, आणि तेहि मागें राहिले. नोकर मनांतून हळहळले. पण धनी कोणाच्याहि गोड बोलण्याला भुलला नाहीं.

पुढें एका ओसाड माळावर सहा गरीब मुसलमान शिपाई एका प्रेताभोंवतीं रडत बसलेले त्याला दिसले. आम्ही लाहोराहून लखनौकडे निघालों होतों, सोबती वाटेंत थकून मेला, खड्डा खणून तयार आहे, पण आम्ही अडाणी; कुराणांतील अंत्यविधीचा पाठ आम्हांस येत नाहीं, तेवढें पुण्य आपण पदरीं घ्यावें, अशी त्यांनीं विनवणी केली. सरदार घोड्यावरून उतरला. प्रेताचें मस्तक विधीप्रमाणें मक्केच्या दिशेला ठेवण्यांत आलें होतें. त्यानें धनुष्य, भाता, पिस्तुलें आणि तलवार काढून जमिनीवर ठेविलीं. अपवित्र स्थितींत पवित्र शब्द उच्चारूं नयेत म्हणून हातपाय व तोंड धुतलें. गुडघे टेकले आणि स्वच्छ आवाजांत पाठास आरंभ केला. दोन शिपाई त्याच्या दोहों बाजूंस बसले. उरलेले चौघे नोकरांपाशीं जाऊन उभे राहिले. इशारा झाला, रुमाल पडले, आणि थोड्याच वेळांत तिघेहि त्याच माळांत पुरले गेले. वाटेंत भेटलेल्या सगळ्या टोळ्या एकाच जथ्याच्या होत्या. ज्याच्यासाठीं तो पाठ म्हणत होता तें प्रेतसुद्धां खरें नव्हतें; टोळींतल्याच एका देखण्या तरुण मुसलमानाला मेलेल्या शिपायाचें सोंग दिलेलें होतें.

ही हकीकत स्लीमनकडे इतरांच्या तोंडून आलेली. सांगतां सांगतां तिला कांहीं झिलई चढली असेल. पण तिच्यांत एक मर्म आहे. हा मनुष्य लोभानें फसला नाहीं, मूर्खपणानेंहि नाहीं. संशय घेण्यांत तो कोठेंच चुकला नव्हता. संशयाला जेथें तो शिरूं देत नव्हता अशी एकच जागा त्याच्या मनांत होती. ती त्याच्या धर्मबुद्धीची. मारेकऱ्यांनीं नेमकी तीच हेरली.

ही युक्ति जुनी आहे. जां द तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी १६६६-६७ सालीं हिंदुस्थानांत होता. दिल्ली-आग्रा रस्त्यावरील फांसेकऱ्यांविषयीं त्यानें लिहिलें आहे कीं, ते कधीं कधीं एखाद्या रूपवती स्त्रीला केस मोकळे सोडून रडत रस्त्यांत बसवीत. दयाळू घोडेस्वार विचारपूस करी, तिला आपल्या पाठीमागें घोड्यावर घेई, आणि ती तेथूनच त्याच्या गळ्यांत फांस टाकी.

आज आपणांस वाटेल कीं, अनोळखी माणसांच्या नादीं लोकांनीं लागावेंच कां? याचें उत्तर त्या काळच्या रस्त्यांत आहे. आगगाडीच्या पूर्वीं लांबचा प्रवास म्हणजे आठवड्यांचा, कधीं महिन्यांचा. काशीयात्रेला निघालेला आपल्याकडचा यात्रेकरू गांवांतून निघतांना निरोप घेई तो परत न येण्याच्या तयारीनेंच. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे गेले, त्यांच्या प्रवासवृत्तांतहि लुटले जाण्याचे प्रसंग आहेत. अशा वाटेवर सोबत ही चैन नव्हती; सोबत हेंच संरक्षण होतें. रजेवर घरीं जाणारा शिपाई वर्षांची बचत कमरेला बांधून निघे. म्हणून इ. स. १८१० मध्यें मेजर जनरल सेंट लेजर यानें शिपायांना हुकूम काढून बजावलें कीं, रोकड बाळगूं नका, सरकारी खजिन्यावरच्या हुंड्या घ्या आणि अनोळखी माणसांच्या मेळ्यांत शिरूं नका. मुंबईच्या पेढ्यांची रोकड घेऊन खानदेशांतून माळव्याकडे जाणारे जासूदहि पुढें या टोळ्यांच्या हातीं सांपडले. धोक्याच्या भीतीनें माणूस सोबत शोधी, आणि धोका त्या सोबतींतच बसलेला असे.

ठगांची रामसी नांवाची एक सांकेतिक बोली होती. स्लीमननें १८३६ सालीं तिचा कोश छापला. त्या बोलींत वाटसरूला नांव होतें बनिज, म्हणजे व्यापाराचा माल. गोड बोलून ओळख पाडणारा तो सोठा, गळा आंवळणारा तो भुर्तोट, हात धरणारा तो शमसिया. तमाखू मागण्यासारखें एखादें साधें वाक्य हा इशारा. सर्वांत कसबाचें काम सोठ्याचें. कारण रुमाल टाकण्यास क्षणभर लागे, विश्वास मिळविण्यास मात्र कित्येक मजला बरोबर चालावें लागे. काम झाल्यावर सगळे मिळून प्रसादाचा गूळ खात. आम्हांलाहि कधीं कधीं दया येते, पण त्या गुळानें आमची प्रकृतिच पालटते, अशा अर्थाचें उत्तर एका ठगानें स्लीमनला दिलें होतें.

येथवरची गोष्ट बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिचा उत्तरार्ध मात्र तितकासा सांगितला जात नाहीं.

स्लीमन १८२२ ते १८२४ या काळांत नरसिंहपूर जिल्ह्याचा अधिकारी होता. आपल्या कचेरीपासून चारशें यार्डांच्या आंत, कंदेली गांवांत, ठगांची एक टोळी राहत होती, आणि एका मजलेवरच्या मुंडेसरच्या आंबराईंत प्रवासी पुरले जात होते, याची त्याला त्या वेळीं गंधवार्ताहि नव्हती. ही गोष्ट त्यानेंच पुढें लिहून ठेविली. ती त्याच्या मनाला फार लागली असली पाहिजे. १८३० सालच्या अखेरीस त्यानें फिरंगिया नांवाच्या प्रसिद्ध जमादारास पकडलें तें कसें, हें पाहण्यासारखें आहे. त्याची आई, बायको व मूल अटकेंत ठेवलीं. माया आहे तेथें माणूस आज ना उद्यां येणारच, हा हिशेब. तो खरा ठरला. जीव वांचविण्याच्या बोलीवर फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. सलोहा गांवाच्या आंबराईंत स्लीमनचा तंबू होता. त्या जागेखालचीं प्रेतें फिरंगियानें उकरून दाखविलीं.

आतां मदत देऊं करणारें सरकार होतें, आणि सरकारला मदत देणारे ठग होते. माफीच्या साक्षीदाराचा जीव इतरांचीं नांवें सांगण्यावर टांगलेला. तेव्हां नांवें निघत गेलीं. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें, ठगांच्या टोळींत असणें एवढ्याच गोष्टीला जन्मठेप सक्तमजुरीची शिक्षा ठरली. मग तें असणें कायद्यापूर्वींचें असो कीं नंतरचें, कंपनीच्या मुलखांतलें असो कीं बाहेरचें. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यांत नव्हती! १८३१ ते १८३७ या सात वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसें या चक्रांतून गेलीं. चारशेंहून अधिक फांसावर चढलीं. शिक्षा झालेल्यांच्या कपाळावर ठग हा शब्द गोंदीत.

ह्यांत खरे खुनी पुष्कळ होते, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. विहिरींतून व आंबरायांतून निघालेलीं प्रेतें कल्पनेचीं नव्हतीं. पण ठग म्हणजे कालीच्या नांवानें खून करणारा, देशभर पसरलेला, पिढीजात असा एकच गुप्त पंथ, हें चित्र बरेंचसें पुढें रंगविलेलें आहे. मेडोज टेलर हा हैदराबादच्या निजामाचा नोकर. पुढें आपल्या नळदुर्गास त्यानें कांहीं वर्षें कारभारहि केला. त्याच्या १८३९ च्या कादंबरीनें हें चित्र इंग्लंडांत घरोघर पोंचविलें. १९३३ सालीं स्लीमनच्या नातवानें दहा लाख खुनांचा आंकडा पुस्तकाच्या नांवांतच घातला. पुढें हिरालाल गुप्त यांनीं १९५९ मध्यें, स्टुअर्ट गॉर्डन यांनीं १९६९ मध्यें आणि किम वॅग्नर यांनीं २००७ मध्यें मूळ कागद तपासून निराळें सांगितलें. मोडलेल्या फौजा, हातचें काम गेलेलीं माणसें, लुटींत वांटा घेणारे जमीनदार, यांतून उभ्या राहिलेल्या ह्या टोळ्या होत्या. त्यांत हिंदु होते तसे मुसलमानहि होते.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. जबलपुरास माफीच्या साक्षीदारांसाठीं उद्योगशाळा निघाली. तेथें ते आणि त्यांचीं मुलें तंबू व गालिचे विणीत. हेतु दयेचा, पण बाप ठग म्हणून मुलावर पहारा. गुन्हा रक्तांतून उतरतो ही कल्पना त्या काळांत रुजली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें तिला उत्तर हिंदुस्थानांत पाय फुटले. १९११ च्या कायद्यानें ती मुंबई इलाख्यांतहि आली. सोलापुरास कांटेरी तारेच्या आंत वसाहत उभी राहिली. सुधारणा हेंच तिचें नांव होतें. पारधी, कैकाडी, भामटे अशा जातींत जन्मलेल्या मुलानें कांहीं न करतांच हजेरी द्यावी, परवानगीवांचून गांव सोडूं नये, असा तो आधार होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला. त्या जमातींवरचा संशय मात्र त्या तारखेला संपला नाहीं.

मग या सर्वांतून घ्यावयाचें काय? अनोळखी माणसाला मदत करूं नये, हा धडा सोपा आहे, आणि तो खोटा आहे. रस्ते निर्धोक झाले ते प्रत्येकानें प्रत्येकाचा संशय घेतल्यामुळें नव्हेत. हुंडी आली, म्हणून कमरेची रोकड गेली. टपाल आलें, म्हणून हरवलेल्याची चौकशी होऊं लागली. आगगाडी आली, म्हणून महिन्यांची वाट दिवसांवर आली. परक्यावर प्राण टाकण्याची पाळीच ज्यामुळें कमी येते अशी व्यवस्था उभी राहिली, तेव्हां सोठ्याचा धंदा बसला. आणि व्यवस्था मदतीच्या नांवानें दारांत आली तर तिलाहि विचारावें कीं, माझ्या केलेल्या कृत्याबद्दल बोलतेस, कीं माझ्या जन्माबद्दल?

त्या ओसाड माळावर दोन प्रकारचीं माणसें होतीं. रुमाल हातीं घेणाऱ्यांचीं नांवें सरकारी दप्तरांत सांपडतात. ज्यानें परक्या प्रेतासाठीं शस्त्रें खालीं ठेविलीं, त्याचें नांव स्लीमननें दिलेलें नाहीं. तो फसला, पण त्यानें म्हटलेला पाठ वायां गेला, असें मला वाटत नाहीं. समोर पडलेलें प्रेत सोंगाचें होतें, पण त्याच्यासाठीं केलेली प्रार्थना सोंगाची नव्हती.