विस्तव बदलला, रीत बदलली का?

शाळेच्या इतिहासात आपण लढाया शिकलो, तह शिकलो. स्वयंपाकघरातल्या विस्तवाचा इतिहास मात्र कुणी शिकवला नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या घरांनी तीन विस्तव पाहिले: चुलीचा, रॉकेलचा आणि गॅसचा. प्रत्येकाने नवा धोका आणला. आग विझवायची रीत मात्र बहुतेक घरांत चुलीच्या काळातलीच राहिली.

चुलीपासून सुरुवात करू. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, शेजारी कडब्याची गंज. एक ठिणगी सगळी वस्ती जाळू शकत होती. म्हणून बायकांनी शिस्त घालून घेतली होती. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, म्हणजे ठिणगी उडत नाही आणि सकाळी चूल फुंकायला विस्तवही मिळतो. वारा सुटला की स्वयंपाक लवकर उरकायचा. दिव्यात करडईचं नाहीतर एरंडाचं तेल असायचं. ते सहज पेट घेत नाही, त्यामुळे पणती कलंडली तरी बहुधा वात विझून जायची. लाकूड आणि गवत पाण्याने थंड होतं. त्यामुळे आग लागली की घागर ओतायची, हे ज्ञान पक्कं झालं. त्या आगीसाठी ते बरोबरच होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रॉकेल गावोगाव पोचू लागलं. इंग्रजीतल्या ‘रॉक ऑइल’चं आपण रॉकेल केलं आणि ‘गॅस लाइट’चं घासलेट. घरात चिमणी आली, कंदील आला. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने हवा भरायचा स्टोव्ह बनवला. तोच पितळी स्टोव्ह पुढे आपल्याकडे घरोघर फरफरू लागला. धूर नाही, काजळी कमी, चहा पाच मिनिटांत. बायकांना तो आवडला यात नवल नाही.

पण त्याची टाकी म्हणजे दाबाखाली कोंडलेलं रॉकेल. भोक तुंबलं आणि पंप मारतच राहिलं, किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं, की भडका उडे. रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असेल तर धोका कितीतरी वाढे, कारण पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते. त्यात बाई जमिनीवर बसून रांधणार, पदर स्टोव्हच्या उंचीला. त्याच सुमारास सुती लुगड्यांच्या जागी नायलॉन-टेरिलीनच्या साड्या आल्या. हे कापड नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. आणि जुन्या सवयीने पाणी ओतलं, तर रॉकेल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरते. तिथे माती, वाळू किंवा ओलं गोणपाट हवं होतं. हे सांगायला कुणी आलं नाही. स्टोव्ह विकणारा स्टोव्ह विकून गेला.

याच काळात एक वाक्य वर्तमानपत्रांत वारंवार छापून येऊ लागलं: ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’. काही भडके खरेच होते. पण भडका सुनेच्याच अंगावर का उडतो, सासूच्या किंवा नवऱ्याच्या का नाही, हा प्रश्न महिला संघटनांनी रस्त्यावर उतरून विचारला. त्या रेट्यातून कायदा बदलला. १९८३ मध्ये सासरच्या छळाबद्दल ४९८ अ हे कलम आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदनाची तरतूद झाली. १९८६ मध्ये हुंडाबळीसाठी ३०४ ब हे कलम आलं आणि त्यात भाजून झालेल्या मृत्यूचा स्पष्ट उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून हीच कलमं भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. म्हणून आजही शेजारी कुणी भाजलं, तर दवाखान्यात तिला एकटीला बोलू द्या. तिचा जबाब नवरा किंवा सासू बाजूला असताना होऊ नये, असा आग्रह धरा.

तिसरा विस्तव गॅसचा. १९५५ च्या सुमारास तो मुंबईत आला आणि खेड्यांतल्या लाखो घरांत २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर पोचला. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एका शाळेत वास नसलेला गॅस साठून स्फोट झाला. सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळण्याचा कायदा तिथे झाला. आपल्या सिलिंडरला येणारा वासही असाच मिसळलेला आहे. तो आला की हात थांबवा. दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नको आणि बंदही नको. काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून उंबऱ्याचं दार उघडणं महत्त्वाचं. मग बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. आग लागलीच असेल तर १०१ किंवा ११२.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको. पाणी तेलाखाली जातं, त्याची क्षणात वाफ होते आणि ती पेटतं तेल उडवते. गॅस बंद करून वर झाकण ठेवा. कपडे पेटले तर पळू नका. खाली पडा, लोळा. घोंगडी गुंडाळा, लोकर सहज पेटत नाही. भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं पाणी वाहू द्या. बांगड्या लगेच काढा, पण चिकटलेलं कापड ओढू नका. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. मग १०८ बोलवा.

आपल्या आज्या निखारे राखेखाली झाकायच्या, कारण त्यांना त्यांचा विस्तव ठाऊक होता. आपलाही आपल्याला ठाऊक हवा. पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या गॅसच्या नळीवरची तारीख पाहून यावं आणि मुदत संपलेल्या नळ्यांची यादी करावी.