गाडी येण्याआधीचा इतिहास : लोटस एलिस आणि ६८ किलोंची चासी

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा मॅडमकडून परत आला, तेव्हा समासात एकच प्रश्न चार ठिकाणी लिहिलेला होता : "हे त्यांना १९९५ मध्ये कसं ठाऊक?"

ज्या वाक्याला सगळ्यात मोठा गोल होता ते असं : 'एलिसच्या हलकेपणाने लोटस कंपनी तरली आणि मोटारशौकिनांना ते आधीच दिसलं होतं.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. आता ते प्रबंधात नाही. ते का काढावं लागलं, हे संशोधनाची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

माझा विषय थोडक्यात असा. एखादी नवी गाडी येणार अशी कुणकुण लागते तेव्हापासून ती प्रत्यक्ष हातात येईपर्यंत, तिच्या इंजिनिअरिंगबद्दल शौकीन लोक काय अपेक्षा धरतात आणि का? घरी हे सांगितलं की काका विचारतात, "अरे, गाडी अजून आलेलीच नाही, मग इतिहास कसला लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. पण माणसं ज्याची वाट बघतात त्यावरून त्यांना काय माहीत होतं, कशाची भीती होती आणि कोणावर विश्वास उरला नव्हता, हे कळतं. तयार गाडीवरून ते कळत नाही.

आधी पार्श्वभूमी. इंग्लंडमधल्या नॉरफकमधली लोटस ही कॉलिन चॅपमनची कंपनी. १९५७ ची 'सेव्हन' आणि १९६२ ची 'इलान' या गाड्यांनी तिची ओळख बनली : ताकद वाढवत बसू नका, वजन कमी करा. चॅपमन १९८२ मध्ये गेले. १९८६ मध्ये कंपनी जनरल मोटर्सकडे गेली आणि १९८९ मध्ये 'इलान' हे जुनं नाव घेऊन नवी गाडी आली. इसुझूचं इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, वजन टनाच्या आसपास. गाडी वाईट नव्हती, पण भलतीच महाग पडली. त्याच वर्षी माझदाने एमएक्स-५ आणली : साधी, स्वस्त, मागच्या चाकांवर चालणारी. जुन्या इलानचा आत्मा लोकांना जपानी गाडीत सापडला. १९९३ मध्ये जनरल मोटर्सने लोटस विकली. घेणारे होते बुगाटीचं पुनरुज्जीवन करू पाहणारे इटालियन उद्योजक रोमानो आर्तिओली.

शौकिनांच्या मनात आणखी एक ताजी जखम होती. १९८८ मध्ये जॅग्वारने एक्सजे-२२० दाखवली तेव्हा व्ही-१२ इंजिन आणि चारही चाकांना ओढ असं सांगितलं होतं. १९९२ मध्ये हातात आली ती टर्बो लावलेली व्ही-६ आणि फक्त मागच्या चाकांना ओढ असलेली. अनामत भरलेले काही जण कोर्टात गेले. म्हणजे 'येणार आहे' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं नेमकं काय बदलू शकतं, याचा धडा लोकांना नुकताच मिळाला होता.

अशा वेळी सप्टेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एलिस आली. नाव आर्तिओलींच्या नातीचं, एलिसाचं. इंजिन रोव्हरचं, १.८ लिटरचं, ११८ अश्वशक्तीचं. म्हणजे त्यात मिरवण्यासारखं काहीच नाही. लोकांचं लक्ष गेलं ते अंगावरच्या कपड्यांखालच्या सांगाड्याकडे. रिचर्ड रॅकहॅम यांनी आखलेली ती अॅल्युमिनियमची चासी फक्त ६८ किलोंची होती.

इथे जरा थांबू, कारण माझ्या प्रकरणाचा जीव यातच आहे.

घरी चकल्या करताना सोऱ्यात पीठ भरून दाबतो आणि चकतीच्या भोकाचा आकार घेऊन पीठ बाहेर येतं. एक्स्ट्रूजन म्हणजे हेच, फक्त पिठाच्या जागी तापवलेलं अॅल्युमिनियम. लांबच्या लांब पट्टी निघते, आतून पोकळ, हव्या त्या आकाराची. यातली चकती तुलनेने स्वस्त असते. पोलादी पत्रा दाबून भाग करायचे तर साच्यांवर प्रचंड पैसा लागतो आणि तो लाखांनी गाड्या विकल्या तरच वसूल होतो. लोटस काही लाखांनी गाड्या विकत नव्हती. लहान कंपनीला परवडणारा हलकेपणा म्हणून सोऱ्या. पट्ट्या डेन्मार्कमध्ये, हायड्रो अॅल्युमिनियमच्या टोंडरच्या कारखान्यात बनायच्या.

त्या जोडायच्या कशा? वेल्डिंग केलं तर उष्णतेने अॅल्युमिनियमची ताकद कमी होते, म्हणून पट्टी जाड घ्यावी लागते आणि वजन परत येतं. लोटसने त्या एपॉक्सीने चिकटवल्या आणि भट्टीत पक्क्या केल्या. होय, चक्क चिकटवल्या. ऐकून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण चिकटवलेला जोड सरळ ओढीला फार दणकट असतो. त्याची दुखरी बाजू सोलण्याची : भिंतीवरची चिकटपट्टी सरळ ओढून निघत नाही, कोपरा धरून सोलली की झटक्यात येते. म्हणून जिथे टोकं सोलली जाण्याची शक्यता तिथे स्क्रूसारखे खिळेही घातले. आणि ताकदीसाठी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उंच ठेवाव्या लागल्या, म्हणून एलिसमध्ये बसणं म्हणजे छोटी भिंत ओलांडून आत उतरणं. पाठदुखी असेल तर ती गाडी लांबूनच बघावी.

आता मॅडमचा प्रश्न. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की शौकीन 'हलक्या गाडीची' वाट बघत होते. मॅडम म्हणाल्या, "हलकी म्हणजे किती? आणि कोणतं वजन?" मी वर्णनांतले सगळे आकडे एका तक्त्यात भरले होते, जणू सगळे एकाच काट्यावर मोजले. पण 'कोरडं वजन' म्हणजे तेल-पाणी-पेट्रोलशिवायचं. ४० लिटरची टाकी भरली तरी ३० किलो वाढतात. युरोपियन नियमातलं वजन घेतलं तर टाकी ९० टक्के भरलेली आणि वर चालक व सामान मिळून ७५ किलो धरतात. एलिससाठी नेहमी सांगितला जातो तो आकडा ७२५ किलोंचा. एवढ्या हलक्या गाडीत व्याख्या बदलली की शंभर किलो इकडचे तिकडे होतात, म्हणजे वजनाचा सातवा हिस्सा! प्रदर्शनाआधीचा आकडा तर मोजमापही नसतो, तो शब्द दिलेला असतो.

यातून माझ्या वाचनाची दिशाच बदलली. चासीचा आकडा लोकांनी इतका का धरून ठेवला? माझा तर्क असा : बाकी सगळं ऐन वेळी बदलता येतं. इंजिन बदलता येतं, जॅग्वारने ते दाखवलंच होतं. पण संपूर्ण गाडी ज्या सांगाड्याभोवती आखलीय तो बदलला तर गाडीच नवी करावी लागेल. शिवाय तो प्रदर्शनात उघडा बघता येत होता. फसवले गेलेले लोक वचनातला सगळ्यात न बदलणारा भाग शोधत होते. याला मी आधी 'उत्साह' म्हटलं होतं. आता 'सावधपणा' म्हणतो. हा तर्क आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नाही, आणि प्रबंधातही तसंच लिहिलंय.

त्यांची सावधगिरी अवाजवी नव्हती. ज्या महिन्यात एलिस फ्रँकफर्टला उभी होती, त्याच महिन्यात आर्तिओलींची बुगाटी दिवाळखोरीत गेली. उद्या लोटसचा मालक कोण असेल हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं. पुढच्या वर्षी मलेशियाच्या प्रोटॉनने कंपनी घेतली, पण ते आपल्याला माहीत. 'एलिसने लोटसला वाचवलं' हे वाक्य १९९५ च्या वाचकाच्या तोंडी घातलं की त्याची सगळी धाकधूक पुसली जाते, आणि माझा अभ्यासविषय तर ती धाकधूकच आहे.

उलट बाजूही बघा. आधी कौतुक झालेल्या गोष्टींपैकी एक होती ब्रेकची डिस्क : अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेली, वजनाला हलकी. ती पुरवणाऱ्या लँक्साइडचं उत्पादन थांबलं आणि काही वर्षांतच नेहमीच्या लोखंडी डिस्क आल्या. पुढचा इतिहास वाचून मागे गेलात तर या डिस्कबद्दलची अपेक्षा तुम्ही 'चुकलेली' म्हणून गाळाल आणि चासीबद्दलची 'बरोबर ठरलेली' म्हणून ठेवाल. १९९५ मध्ये दोन्ही सारख्याच होत्या. एलिसचं उत्पादन २०२१ पर्यंत चाललं, टेस्लाची पहिली रोडस्टर तिच्यावरून घडली, हे सगळं खरं. ते माझ्या सहाव्या प्रकरणात येतं, तिसऱ्यात नाही.

प्रत्यक्ष कामाचं सांगायचं तर, मी आता प्रत्येक कात्रणाला तीन तारखा लावतो : गोष्ट घडली कधी, छापली कधी, आणि लिहिणाऱ्याला ती कुठून कळली. कंपनीचं पत्रक, मासिकाच्या प्रतिनिधीची चोरून टिपलेली छायाचित्रं आणि वाचकांची पत्रं, हे तीन वेगळे आवाज आहेत. मासिकं महिनाभर आधी छापायला जातात, त्यामुळे ऑक्टोबरचा अंक ऑक्टोबरमधलं मत सांगत नाही. हे मला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं. तुम्हाला आधी कळावं.

वजनाचा तक्ता नव्याने केलाय. आता त्यात आकड्याच्या शेजारी 'कोणतं वजन?' असा एक रकाना आहे. निम्म्याहून जास्त ओळींत तो अजून कोरा आहे, आणि मॅडमनी तो तसाच छापायला सांगितलाय.